शब्दाला वजन कोण देतं?

एखाद्या माणसाचा खरा अधिकार सांगायचा असेल, तर मराठीत आपण त्याचं पद सांगत नाही. ‘त्याच्या शब्दाला वजन आहे’ असं म्हणतो. कोणत्याही कचेरीत, बँकेच्या शाखेत, रुग्णालयाच्या वॉर्डात किंवा सॉफ्टवेअर कंपनीच्या टीममध्ये दोन उतरंडी असतात. पहिली कागदावरची: साहेब कोण, त्यांच्या हाताखाली कोण, सही कोणाची चालते. दुसरी कुठेच लिहिलेली नसते, पण आठवडाभर तिथे काम केलेल्या माणसाला ती पाठ होते. अडचण आली की कोणाला विचारायचं, वरिष्ठांपुढे नाजूक विषय कोणी काढायचा, बैठकीत कोणाचं वाक्य झालं की चर्चा मिटते, हे सगळं त्या दुसऱ्या उतरंडीवर ठरतं. अभ्यासक तिला अनौपचारिक नेतृत्व म्हणतात. हे नेतृत्व कोणी नेमून देत नाही, सहकारीच ते एखाद्याला बहाल करतात. पुढे बढतीचा प्रश्न आला की ‘टीम यांचं ऐकते’ हाच मोठा पुरावा ठरतो, आणि कालचं अनौपचारिक नेतृत्व उद्याचं पद आणि पगार होऊन समोर येतं. म्हणून हे वजन स्त्री-पुरुषांत कसं वाटलं जातं, हा प्रश्न शिष्टाचाराचा नाही, न्यायाचा आहे. गेल्या काही दशकांतले अभ्यास एकत्र वाचले की एक गोष्ट स्पष्ट होते. बायकांना बोलता येत नाही म्हणून त्या मागे पडतात, हे निदान चुकीचं आहे. बिघाड तराजूत आहे. आणि तराजू दुरुस्त करणं हे प्रत्येक बाईला नव्याने बोलायला शिकवण्यापेक्षा सोपं आहे.

आधी हे पाहू, की नेतृत्व कोणाकडे जातं. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात २५६ विद्यार्थ्यांचे ३३ छोटे गट केले होते. गटाला संगणकावरचं एक काम दिलं, नेता नेमला नाही, आणि शेवटी प्रत्येकाला विचारलं की तुमच्या गटाचं नेतृत्व कोणी केलं. सर्वांत जास्त मतं कोणाला मिळणार, याचा उत्तम अंदाज बोलण्याच्या वेळेवरून बांधता आला. जो जास्त वेळ बोलला, तो नेता वाटला. बुद्धिमत्ता, स्वभाव, त्या कामाचा पूर्वानुभव हे सगळं हिशेबात घेऊनही बोलण्याच्या वेळेचा प्रभाव टिकला. पण त्याच आकडेवारीत आणखी एक गोष्ट दिसली. बाकी सगळं सारखं असतानाही पुरुषांना साधारण एक मत जास्त मिळत होतं, केवळ पुरुष असल्याबद्दल. सरासरी जेमतेम आठ जणांच्या गटात एक मत म्हणजे थोडंथोडकं नाही. शर्यतीत एकाची सुरुवातीची रेघ पुढे आखावी, तसं हे मत आहे. फरक इतकाच, की ही रेघ आखणाऱ्यांना आपण ती आखतो आहोत याची जाणीवही नसते.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: बायका तर मुळातच जास्त बोलतात, मग बोलण्याचा फायदा त्यांनाच मिळायला हवा. या समजुतीची परीक्षा २००७ मध्ये झाली. ३९६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अंगावर छोटी ध्वनिमुद्रण यंत्रं बसवून त्यांच्या दिवसभराच्या बोलण्याचे नमुने घेतले गेले. मुलगे आणि मुली दोघांचीही सरासरी दिवसाला सोळा हजार शब्दांच्या आसपास निघाली. फरक पडतो तो बोलण्याच्या जागेत. जिथे निर्णय होतात अशा मिश्र, औपचारिक बैठकांत पुरुष जास्त वेळ घेतात, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. मग बायकांनी बैठकीत जास्त बोलावं, म्हणजे प्रश्न सुटेल? अमेरिकी संशोधक व्हिक्टोरिया ब्रेस्कॉल यांनी २०११ मध्ये हेच तपासलं. अमेरिकी सिनेटमध्ये सत्ता वाढली की पुरुष सदस्य सभागृहात जास्त वेळ बोलतात, स्त्री सदस्यांच्या बाबतीत मात्र सत्ता आणि बोलणं यांचं असं नातं दिसत नाही. असं का, हे शोधायला त्यांनी लोकांसमोर एका काल्पनिक कंपनीप्रमुखाचं वर्णन ठेवलं. खूप बोलणारा पुरुष प्रमुख लोकांना अधिक सक्षम वाटला. तितकंच बोलणारी स्त्री प्रमुख कमी सक्षम वाटली. आणि हा निवाडा पुरुषांनी दिला तसाच स्त्रियांनीही दिला. म्हणजे सत्ता हाती असूनही गप्प राहणाऱ्या बायका भित्र्या नव्हत्या. बोलण्याची किंमत काय पडते, याचा त्यांचा हिशेब बरोबर होता.

किती बोललं यापेक्षा काय बोललं हे महत्त्वाचं, असंही कोणी म्हणेल. त्याचं उत्तर २०१८ च्या एका अभ्यासात सापडतं. वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीतल्या छात्रांचे गट त्यात पाहिले गेले. बैठकीतलं बोलणं दोन प्रकारचं असतं: ‘आपण असं नवीन करून पाहू’ असं पुढे नेणारं, आणि ‘हे चुकतंय, हे थांबवा’ असं अडवणारं. अडवणाऱ्या बोलण्याने कोणाचंच वजन वाढलं नाही. नवी कल्पना मांडणाऱ्या पुरुषांची गटातली पत वाढली आणि पुढे नेता म्हणून त्यांची नावं घेतली गेली. तशीच कल्पना मांडणाऱ्या स्त्रियांची पत होती तिथेच राहिली. यानंतर संशोधकांनी लोकांना एका विक्री विभागाच्या बैठकीतलं बोलणं ऐकवलं. वाक्यं तीच, फक्त बोलणारा कधी एरिक, कधी एरिका. निष्कर्ष बदलला नाही. बोलण्याचा मजकूर, त्यातली कल्पना, तिचा उपयोग, सगळं सारखं असताना नाव बदललं की वजन बदलतं, तेव्हा दोष बोलण्यात शोधण्यात अर्थ राहत नाही.

हा तराजू आपल्या भाषेतही ठेवलेला आहे. मोठ्याने, ठामपणे, समोरच्याला न जुमानता बोलणाऱ्या पुरुषासाठी मराठीत शब्द आहेत: करारी, सडेतोड, रोखठोक, खमक्या. त्यात कौतुक आहे. तसंच बोलणाऱ्या बाईसाठी जिभेवर आधी येतात ते तोंडाळ, आगाऊ, कजाग, खाष्ट. ‘तोंडाळ’ पुरुषालाही म्हणता येतं आणि ‘करारी’ बाईलाही, व्याकरणाची त्याला आडकाठी नाही. पण कोणता शब्द कोणासाठी चटकन सुचतो, ते सवयीने ठरतं, आणि कचेरीतल्या वार्षिक मूल्यमापनाचा अभिप्राय लिहिणारी व्यक्ती याच सवयीने शब्द निवडते. हाकेच्या शब्दांचंही तसंच. आपल्याकडे नेतृत्वाला नात्याचं नाव देण्याची रीत आहे: दादा, भाऊ, ताई, अक्का. पण ‘दादा’ म्हणताना धाक आणि आधार दोन्ही येतात, तर ‘ताई’कडून माया आणि समजूतदारपणा अपेक्षित असतो. ज्या सहकारिणीचं सगळे ऐकतात ती टीमची ‘ताई’ होते, आणि मग ताईने रागावणं, नकार देणं, श्रेय मागणं लोकांना खटकू लागतं. त्यात मराठी क्रियापद बऱ्याचदा बोलणाऱ्याचं लिंग लपू देत नाही. ‘मी सुचवतो’ आणि ‘मी सुचवते’ यांत एका मात्रेचा फरक आहे. निनावी सूचनापेटीत टाकलेली चिठ्ठीसुद्धा या एका मात्रेने ओळख सांगून जाते. भाषा अन्याय घडवते असं नव्हे. पण ऐकणाऱ्याच्या मनातली सवय जागी करायला तिला एवढं निमित्त पुरतं.

वजनाच्या वाटणीत आणखी एक गोष्ट नेहमी हिशेबाबाहेर राहते. हार्वर्ड विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बेल्स यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून छोट्या गटांतलं बोलणं वाक्यावाक्याने नोंदवायला सुरुवात केली. त्यांच्या लक्षात आलं की गटात बहुधा दोन तऱ्हेचे नेते उभे राहतात. एक काम पुढे रेटतो. दुसरा गट एकत्र ठेवतो, ताण हलका करतो, गप्प बसलेल्याला बोलतं करतो, भांडण मिटवतो. १९९१ मध्ये अ‍ॅलिस ईगली आणि स्टीव्हन कराउ यांनी तोवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. नेता नसलेल्या गटांत पुरुष अधिक वेळा नेते म्हणून पुढे येतात, विशेषतः काम थोड्या वेळाचं असेल तर. माणसं जोडण्याच्या नेतृत्वात मात्र स्त्रिया किंचित पुढे होत्या. हे दुसरं नेतृत्व नसेल तर पहिलं फार काळ चालत नाही. तरी ‘नेता कोण?’ असं विचारलं की बोट पहिल्याकडेच वळतं. त्यातच माणसं जोडण्याच्या या कामाबरोबर टीमची किरकोळ कामंही येतात: बैठकीचं टिपण, निरोप समारंभाची वर्गणी, नव्या माणसाला सगळं समजावून सांगणं. लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अशा, करणाऱ्याला बढती न देणाऱ्या कामांवर प्रयोग केले. गटाच्या भल्यासाठी कोणीतरी एकाने करावं, पण करणाऱ्याचा फायदा सर्वांत कमी, असं काम मिश्र गटांत स्त्रियांनी पुरुषांपेक्षा ४८ टक्के अधिक वेळा अंगावर घेतलं. काम कोणाला सांगायचं हे ठरवण्याचा अधिकार एकाकडे दिला, तेव्हा स्त्रियांना ४४ टक्के अधिक वेळा सांगितलं गेलं, आणि सांगणारी व्यक्ती स्त्री असो वा पुरुष, त्यात फरक पडला नाही. बैठकीत एकीचा हात टिपण घेण्यात गुंतला की तिचं बोलणं आपोआप कमी होतं, आणि बोलणं कमी झालं की वजनही कमी होतं.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत सद्भावनेने घेतला जाणारा आक्षेप असा: बाकी सगळं खरं असलं तरी बायकांनी आत्मविश्वास वाढवावा, नकार द्यायला शिकावं, भाषणकलेचं प्रशिक्षण घ्यावं. शिकण्यात वाईट काहीच नाही. पण बॅबकॉक यांच्याच प्रयोगात एक निर्णायक पुरावा आहे. गटात फक्त पुरुष असताना पुरुष ते किरकोळ काम मुकाट्याने करत होते, स्त्रियांच्या गटाइतकंच. स्त्री समोर असली की ते थांबत होते, कारण ती करेल अशी सर्वांची, तिचीही, अटकळ होती. म्हणजे ही स्वभावाची गोष्ट नाही, अपेक्षेची आहे. आणि प्रशिक्षणाने कुठवर जाता येतं, याचा अंदाज अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाकडे पाहून येतो. टोन्या जेकोबी आणि डिलन श्वीयर्स यांनी २०१७ मध्ये तिथल्या तोंडी युक्तिवादांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०१५ च्या सत्रात न्यायमूर्तींना मध्येच तोडण्याचे जे प्रसंग नोंदले गेले, त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश तीन स्त्री न्यायमूर्तींच्या वाट्याला आले होते. त्यांना सहकारी न्यायमूर्ती तोडत होते आणि समोर उभे असलेले वकीलही. या स्त्रियांपेक्षा अधिक आत्मविश्वास, ज्ञान आणि अधिकार कोणाकडे असणार? शिवाय न्यायालयात वर्षं गेली तशी त्यांनी ‘विचारू का’, ‘माफ करा’ अशी नम्र सुरुवात सोडून थेट प्रश्न विचारायला सुरुवात केली होती, असंही त्या अभ्यासात दिसलं. तरी तोडणं थांबलं नाही. त्याला आळा घालायचा प्रयत्न झाला तो नियमाने. २०२१ पासून न्यायालयाने वकिलाच्या वेळेनंतर ज्येष्ठतेच्या क्रमाने एकेका न्यायमूर्तीला प्रश्न विचारण्याची पद्धत आणली, आणि या बदलामागे अशा अभ्यासांचा वाटा होता, असं न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी जाहीरपणे सांगितलं.

दुसरा आक्षेप असा, की काळ बदलतो आहे आणि हा फरक आपोआप मिटेल. यात तथ्य आहे. २०१८ मध्ये झालेल्या नव्या एकत्रित आढाव्यात नेतृत्वातली ही दरी पूर्वीपेक्षा कमी झालेली दिसली. पण ती मिटलेली नव्हती. छोटा फरकही रोजच्या बैठकांतून चक्रवाढीने वाढतो: आज एक वाक्य ऐकलं गेलं नाही, उद्या ती जबाबदारी दुसऱ्याकडे गेली, पाच वर्षांनी त्याच्याकडे अनुभव आहे आणि तिच्याकडे नाही. तिसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा वाटतो: हे सगळे प्रयोग अमेरिकेतले, आपल्याला ते कितपत लागू? म्हणून जवळचे दाखले पाहायला हवेत. बांगलादेशातल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिलाई करणाऱ्या पाचांपैकी चार कामगार स्त्रिया होत्या, पण पर्यवेक्षकांमध्ये विसात जेमतेम एक होती. स्त्रियांना पर्यवेक्षक म्हणून तयार करण्याचा प्रयोग तिथे झाला, तेव्हा सुरुवातीला त्यांच्याविषयी सहकाऱ्यांचं मत त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीपेक्षा वाईट होतं. पश्चिम बंगालमध्ये गावकऱ्यांना एकच भाषण कधी पुरुषाच्या, कधी स्त्रीच्या आवाजात ऐकवलं गेलं. जिथे कधीच स्त्री प्रधान (आपल्याकडच्या सरपंचासारखं पद) नव्हती तिथल्या पुरुषांना स्त्रीच्या आवाजातलं भाषण कमी दर्जाचं वाटलं. पंचायतीच्या आरक्षणामुळे जिथे लोकांनी स्त्रीचा कारभार पाहिला होता, तिथे हा पूर्वग्रह फार कमी झाला होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचं मला विशेष मोल वाटतं, कारण कान तयार होतात हे त्यात दिसतं. पण ते उपदेशाने तयार झाले नाहीत. घटनादुरुस्तीने आलेल्या नियमामुळे रोज ऐकण्याची वेळ आली, म्हणून झाले.

चौथी हरकत अशी, की हळू आवाजात बोलणारा पुरुष, खेड्यातून आलेला तरुण, इंग्रजीत चालणाऱ्या बैठकीत शब्द शोधणारा मराठी माध्यमातला अभियंता, आडनावावरून जोखला जाणारा दलित कर्मचारी यांचाही शब्द हलका पडतो. मग फक्त स्त्रियांचंच का बोलायचं? ही हरकत पूर्णपणे खरी आहे आणि ती मूळ मुद्द्याला बळच देते. वजन आवाजाच्या उंचीवर, भाषेवर, जातीवर आणि लिंगावर ठरत असेल, तर चांगली कल्पना वाया जाण्याचे रस्ते अनेक आहेत, आणि एकाच बाईवर हे रस्ते एकत्रही येतात. त्यामुळे उपाय असा हवा, की तो एका गटावर उपकार केल्यासारखा वाटणार नाही आणि सगळ्यांच्या शब्दाला एकाच मापाने तोलेल.

असा उपाय बैठकीच्या रीतीत आहे. क्रिस्टोफर कार्पोविट्झ आणि टाली मेंडेलबर्ग यांनी पाच-पाच जणांचे ९४ गट बसवून त्यांना उत्पन्नाच्या वाटपावर चर्चा करायला लावली. काही गटांना बहुमताने निर्णय घ्यायचा होता, काहींना एकमताने. बहुमताच्या गटांत स्त्रिया संख्येने कमी असल्या की त्यांचं बोलणं त्यांच्या वाट्यापेक्षा बरंच खाली गेलं. एकमत आवश्यक असलेल्या गटांत, स्त्रिया तेवढ्याच कमी असूनही, ही दरी जवळजवळ बुजली. माणसं त्याच समाजातली होती, फक्त नियम बदलला होता. प्रत्येकाची संमती लागणार म्हटल्यावर प्रत्येकाचं ऐकणं भाग पडलं. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद याच जाणिवेतून आली आहे: मोठ्या सभेत जे बोललं जाणार नाही, ते आधी बोलून, ठरवून पुढे न्यावं. कचेरीतही हे करता येतं. महत्त्वाच्या विषयावर चर्चेआधी प्रत्येकाकडून लेखी मुद्दे घ्यावेत, पहिली फेरी क्रमाने व्हावी, कनिष्ठांपासून सुरुवात व्हावी, टिपण घेण्याची पाळी सर्वांत फिरावी. यात वेळ जातो, हे खरं. पण २०१० मध्ये ६९९ जणांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं होतं, की ज्या गटांत बोलण्याच्या पाळ्या समान वाटल्या गेल्या, ते वेगवेगळ्या कामांत एकूण सरस ठरले, आणि सर्वांत हुशार सदस्य कोण यावरून गटाचं यश फारसं सांगता येत नव्हतं. त्या अभ्यासाच्या मोजमापावर पुढे वाद झाले, पण एवढं तरी त्यातून घ्यावं, की दोघांनीच बोलून वाचवलेला वेळ स्वस्त पडतोच असं नाही.

राहतो प्रश्न श्रेयाचा. बाईने मांडलेली कल्पना दहा मिनिटांनी दुसऱ्या कोणाच्या नावावर जमा होते, ही तक्रार जगभर आहे. बराक ओबामांच्या पहिल्या कारकिर्दीत व्हाइट हाउसमधल्या स्त्री अधिकाऱ्यांनी तिच्यावर एक तोडगा काढला होता. एकीने मुद्दा मांडला की दुसरी तो पुन्हा उच्चारायची आणि पहिलीचं नाव घेऊन सांगायची, म्हणजे तो कोणाचा हे सर्वांना मान्य करावंच लागे. त्याचं जगात मोठं कौतुक झालं. महाराष्ट्रात या युक्तीसाठी शब्द शोधावा लागत नाही, कारण गावच्या पतसंस्थेपासून शहरातल्या गृहनिर्माण संस्थेपर्यंत प्रत्येक सभेच्या इतिवृत्तात ती आहे. ठराव लिहिला की त्याखाली दोन ओळी येतात: सूचक अमुक, अनुमोदक तमुक. कल्पना कोणाची आणि तिच्या पाठीशी कोण उभं राहिलं, हे कागदावर कायमचं राहतं. सहकारी संस्थांत हे बऱ्याचदा उपचार म्हणून उरतं, पण त्या दोन ओळींमागचा विचार खोल आहे: सभेत मांडलेला शब्द हवेत सोडायचा नाही, त्याला धनी असतो. उद्याच्या बैठकीच्या टिपणात प्रत्येक निर्णयापुढे सूचकाचं आणि अनुमोदकाचं नाव लिहायला एक मिनिट लागेल. वर्षभराने ती पानं समोर ठेवून बढतीचा विचार केला, तर कोणाचा आवाज मोठा होता हे त्यात दिसणार नाही. टीम कोणाच्या शब्दावर चालली, एवढंच दिसेल.